विठाबाई आणि नारायणगाव: एका आडनावाची पार्श्वभूमी

तमाशाच्या फडाच्या पाटीवर कलावंताच्या नावापुढे बहुधा गावाचे नाव असते. मात्र ते त्याचे जन्मगाव असेलच असे नाही. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात झाला. फड उभा करणारे त्यांचे आजोबा नारायण खुडे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. पुढे वडील आणि चुलते यांच्या काळात हा फड 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने ओळखला जाऊ लागला आणि खुडे हे मूळ आडनाव मागे पडले. ज्या जातीला गावकुसाबाहेर ठेवले गेले, तिचे नाव गावाच्या नावाला जोडून पाटीवर ठळक लिहिण्यात या घराण्याचा केवढा स्वाभिमान होता, हे आज मुद्दाम आठवायला हवे.

नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातले, पुणे-नाशिक रस्त्यावरचे बाजाराचे गाव. पुणे, नगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतल्या जत्रांच्या गावांना ते सोयीचे पडते. फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते. हिवाळ्यात कनाती लावून तिकिटावर खेळ होतात आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे खेळासाठी ठरवलेले करार, सुरू होतात. या सुपाऱ्यांसाठी पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाची पाटी, आत कोऱ्या-भरल्या तारखांची वही. यात्रा समितीची मंडळी एका राहुटीतून दुसरीत जात भाव करतात, तारीख ठरली की इसार देतात. पावसाळ्यात कलावंतांना दिलेली उचल आणि त्यासाठी व्याजाने काढलेला पैसा याच चार-सहा आठवड्यांच्या कमाईतून फेडायचा असतो. म्हणूनच फडाला गावाच्या नावाइतकीच त्या गावात पत असण्याचीही गरज असते.

विठाबाई लहानपणापासून याच फिरस्तीत वाढल्या. गण, गवळण, लावणी आणि वग हे तमाशाचे सारे भाग त्या फडावरच शिकल्या. त्यांच्याविषयी सर्वांत जास्त सांगितला जातो तो प्रसंगही फिरस्तीवरचाच आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर त्या मंचामागे गेल्या, तिथे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. हे लक्षात आल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला. या प्रसंगाचे कौतुक करताना थोडे थांबले पाहिजे, कारण घेतलेली सुपारी पुरी करण्याचा केवढा दाब त्या बाईवर असेल, हेही त्यातूनच कळते. अशा जगण्यात जन्मगाव म्हणजे त्या रात्रीच्या मुक्कामाचे गाव. आडनाव त्यावरून कसे पडावे?

१९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपती पदके मिळाली, पण अखेरचा काळ हलाखीत गेला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. त्यानंतर राज्य शासनाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला. तो मिळालेल्या कांताबाई सातारकर यांचा जन्म गुजरातमधला, बालपण साताऱ्यातले आणि पुढचे आयुष्य संगमनेरातले. नावात मात्र सातारा कायम राहिला. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही हा पुरस्कार मिळाला. स्वतःचा फड चालवताना त्यांनी सातारा जिल्ह्यातले गाव आपले मानले आणि नाव घेतले 'करवडीकर'.

२०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातली टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. यात्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या बुडाल्या. आधीच कर्जात असलेल्या फडांच्या हातून वर्षाच्या कमाईचा हंगाम निघून गेला.