युद्धनौकेचं इंजिन आणि समुद्राचं मीठ

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकच्या. बातम्यांत क्षेपणास्त्रांचं कौतुक भरपूर झालं. ‘सुरत’ला पळवणाऱ्या चार गॅस टर्बाइनांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. खरी नवलाई तिथेच आहे.

गॅस टर्बाइन म्हणजे विमानाच्या जेट इंजिनाचं भावंड. कॉम्प्रेसर हवा ओढून दाबतो, तिच्यात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो. पण ही हवा खारी! वरळीला समुद्राकडच्या खिडक्यांचे गज कसे होतात, ते आपण पाहतोच. गाळण्या असल्या तरी थोडं मीठ निसटतं आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं.

एवढ्याशा थरानं काय बिघडतं? टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीतला निम्म्याहून मोठा वाटा कॉम्प्रेसरच खातो. समजा, एकूण ६० मेगावॅटपैकी ३६ कॉम्प्रेसरला गेले, तर प्रोपेलरसाठी उरले २४. पाती खरखरीत झाल्यामुळे कॉम्प्रेसरला ५ टक्के, म्हणजे १.८ मेगावॅट, जास्त लागले, तर ते या २४मधूनच जातात. घट साडेसात टक्के! वेग टिकवायचा तर इंधन वाढवा, मग टर्बाइनची पाती आणखी तापणार. त्यात मिठातलं सोडियम आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट होतं, ते तापलेला धातू कुरतडतं.

म्हणून दाब, एक्झॉस्टचं तापमान, फेरे, इंधन यांची सतत नोंद ठेवतात. बेअरिंगसाठी कंपनं आणि तेलातले धातूचे कण तपासतात. पण मेमधल्या दुपारचा आकडा जानेवारीच्या पहाटेशी थेट ताडता येत नाही. गरम हवा विरळ, त्यामुळे धडधाकट इंजिनही तेव्हा कमी शक्ती देतं. आधी सगळे आकडे १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीचा दाब या प्रमाण स्थितीवर आणायचे. त्यानंतरही जो फरक उरतो आणि वाढत जातो, तो इंजिनाचा.

‘एआय इंजिनाचं भविष्य सांगतं’ अशा जाहिरातींना भुलू नये. एक तापमापक चुकला की ते भविष्यही चुकतं. आधी सेन्सर तपासायला हवेत.

थर बसल्याचं दिसलं की इंजिन न पेटवता, स्टार्टरवर फिरवत, कॉम्प्रेसर धुतात. आधी साबणाचं द्रावण, मग क्षारविरहित पाणी. दाब पूर्ववत झाला तर दोष मळाचा. नाही झाला तर पाती झिजली असण्याची शक्यता. मग बोरोस्कोपची, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली, बारीक नळी आत सोडून एकेक पातं पाहायचं.