यीस्टच्या पथ्यात केळी आणि बिबडे कसे आले

जळगाव-धुळ्याकडे ‘यीस्ट वाढलंय’ म्हणून जो पथ्याचा कागद हाती पडतो, त्यावर साखर, मैदा, ब्रेड, इडली, ढोकळा आणि केळी एकाच रांगेत बंद असतात. ही यादी मुळात इथली नाही. 1950 मध्ये निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं. गिळलं तरी ते आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे ते महिनोन्‌महिने देण्याची भीती कमी होती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी थकवा, डोकेदुखी, उदासी अशा सगळ्याच तक्रारींचं मूळ आतड्यातल्या कॅन्डिडात, म्हणजे शरीरात राहणाऱ्या एका यीस्टसारख्या बुरशीत, शोधलं. निस्टॅटिनच्या जोडीला साखर, यीस्ट, व्हिनेगर आणि चीज बंद, हा त्यांचा उपाय. 1983 नंतर लोकप्रिय पुस्तकांतून तो घरोघरी गेला.

1986 मध्ये तिथल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी ही कल्पना सिद्ध झालेली नसल्याचं जाहीर केलं. 1990 च्या चाचणीत योनीमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने कमी झाल्या, पण थकवा-उदासीसारख्या तक्रारींत औषध आणि खोटी गोळी यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. ‘चाचणीत आहार तपासलाच नाही,’ हा पथ्यवाल्यांचा आक्षेप रास्त होता. मात्र 1999 मध्ये निरोगी माणसांना भरपूर साखर देऊन पाहिलं, तेव्हाही तोंडातल्या आणि शौचातल्या कॅन्डिडावर फारसा परिणाम झाला नाही.

खरा गुंता शब्दांचा आहे. ब्रेडचं यीस्ट वेगळं, कॅन्डिडा वेगळा. ब्रेडमधलं यीस्ट भट्टीतच मरतं. इडली-ढोकळ्याचं पीठ आंबतं ते मुख्यतः दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंच्या भाईबंदांमुळे. बिबड्यांची, म्हणजे खानदेशी पापडांची, ज्वारी दोन-तीन दिवस भिजून आंबते, पण पुढे तिचा घाटा शिजतो आणि उरलेसुरले जीव त्यात संपतात. ‘आंबलेलं म्हणजे यीस्ट, यीस्ट म्हणजे आजार’ या साखळीत उन्हाळी बिबडे विनाकारण अडकले.

दुसरा गुंता याहून घातक आहे. आपल्याकडे ‘अंगावरून पांढरं जातंय’ किंवा ‘धुपणी’ म्हटलं की त्यात सगळंच येतं. पाळीच्या चक्रात मधेच येणारा पातळ, बिनवासाचा स्राव आजार नसतो. दही फुटल्यासारखा घट्ट स्राव आणि जोरात खाज असेल तर कॅन्डिडाची शक्यता. करडा, पातळ आणि मासळीसारखा वास असेल तर बहुधा जिवाणूंचा असमतोल. त्यावर बुरशीवरची गोळी चालत नाही. फेसाळ, पिवळसर-हिरवट असेल तर लैंगिक संपर्कातून येणारा परजीवी असू शकतो, मग जोडीदारालाही उपचार लागतात. डोळ्यांनी अंदाज बांधता येतो, निदान नाही. स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. कॅन्डिडा ओळखायला सकाळी पाण्यात थुंकून तंतू पाहायची घरगुती चाचणी निरुपयोगी आहे, कारण निरोगी थुंकीलाही तंतू सुटतात.

केळ्याचंही तसंच. 100 ग्रॅम पिकलेल्या केळ्यात सुमारे 12 ग्रॅम साखर असते. दोन चमचे साखरेच्या चहात आठ-दहा ग्रॅम. असे चार चहा चालू ठेवून केळं सोडणाऱ्याला त्यातून काय मिळणार? मधुमेह नसलेल्याला रोज एक केळं खायला या आजारापायी हरकत नाही.

साखर महत्त्वाची आहे, पण ताटातली नव्हे, रक्तातली आणि लघवीतली. मधुमेह आटोक्यात नसला की लघवीत साखर उतरते आणि त्या ओल्या त्वचेवर कॅन्डिडा फोफावतो. 2020 च्या अखेरीस भारतात डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं पेटंट संपलं आणि ते स्वस्तात मिळू लागलं. हे औषध जाणूनबुजून साखर लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणून ते घेणाऱ्या बायकांना आणि पुरुषांनाही गुप्तांगाला खाज सुटण्याचं प्रमाण वाढतं. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नये. लघवीनंतर जागा पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि डॉक्टरांना सांगावं.

वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा त्रास झाला तर पथ्याच्या आधी उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) आणि नमुन्याचं कल्चर (त्यातले जीव वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्यावं. प्रतिजैविकं किंवा स्टिरॉइड नुकतीच घेतली असतील तर तेही सांगावं. गरोदरपणी फ्लुकोनाझोलची ही बुरशीवरची गोळी मनाने घेऊ नये; तेव्हा साधारणपणे सात दिवस क्लोट्रिमाझोल हे बुरशीविरोधी औषध लावायला देतात.