कॉर्बिट, टेड

(३१ जानेवारी १९१९ – १२ डिसेंबर २००७). अमेरिकन मॅरेथॉन व अल्ट्रामॅरेथॉन धावपटू, भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) आणि शर्यतमार्गांच्या शास्त्रशुद्ध मोजणीचे अमेरिकेतील प्रवर्तक. पूर्ण नाव थिओडोर कॉर्बिट. मॅरेथॉनहून (४२.१९५ किमी.) लांब पल्ल्याच्या कोणत्याही शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात.

कॉर्बिट यांचा जन्म साउथ कॅरोलायना राज्यातील डनबार्टन येथे झाला. त्यांचे आजोबा गुलामीत जन्मले होते. डनबार्टन आज नकाशावर सापडत नाही. अण्वस्त्रांसाठी लागणारे पदार्थ तयार करणारा सव्हाना रिव्हर प्रकल्प उभारताना १९५०–६० या दशकाच्या आरंभी हे गाव उठवण्यात आले. सिनसिनाटी विद्यापीठात ते मैदानी शर्यती धावत. मात्र गोरे स्पर्धक कृष्णवर्णीयांसोबत धावायला तयार नसल्याने काही स्पर्धांत त्यांना भागच घेऊ दिला गेला नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर ते न्यूयॉर्कला आले आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्क पायोनियर क्लबचे सभासद झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत स्थापन झालेल्या या क्लबात वर्णाची अट नव्हती आणि त्या काळी ही गोष्ट अपवादात्मक होती. न्यूयॉर्क विद्यापीठातून भौतिकोपचाराची पदवी घेऊन पुढे सुमारे चार दशके त्यांनी याच विषयात नोकरी व अध्यापन केले.

त्यांची पहिली मॅरेथॉन १९५१ ची बॉस्टन. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी अमेरिकन संघात त्यांची निवड झाली. ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधित्व करणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन म्हणून त्यांचाच उल्लेख होतो. (याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले.) चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांनी २ तास २३ मि. ३ से. वेळ देऊन जिंकलेल्या त्या शर्यतीत कॉर्बिट ४४ वे आले. त्यांची वेळ २ तास ५१ मि. ९ से. होती. १९५४ मध्ये यॉंकर्स येथील मॅरेथॉन जिंकून ते राष्ट्रीय विजेते ठरले.

अल्ट्राकडे ते नेमके केव्हा वळले याविषयी निश्चित वर्ष देणे अवघड आहे. अमेरिकेत तेव्हा अशा शर्यती जवळजवळ नव्हत्याच. ही परंपरा ब्रिटन व दक्षिण आफ्रिकेत टिकून होती. हेलसिंकीच्या मॅरेथॉनमध्ये दहावे आलेले, चाळिशी ओलांडलेले दक्षिण आफ्रिकेचे वॉली हेवर्ड यांनी १९५३ मध्ये इंग्लंडला जाऊन २४ तासांत १५९ मैल ५६२ यार्ड (सु. २५६ किमी.) अंतर कापले होते. कॉर्बिट यांचे वळण सामान्यतः १९६२ च्या लंडन–ब्रायटन शर्यतीपासून धरले जाते. पन्नास मैलांहून थोड्या अधिक अंतराच्या या शर्यतीत ते त्या वर्षी चौथे आले आणि नंतर दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९६९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, इंग्लंडमधील वॉल्टन-ऑन-टेम्स येथील धावपट्टीवर त्यांनी १०० मैल १३ तास ३३ मि. ६ से. मध्ये पूर्ण करून अमेरिकन विक्रम केला. तेथेच १९७३ मध्ये २४ तासांच्या शर्यतीत ते १३४.७ मैल (सु. २१७ किमी.) धावले. ब्रिटनचे रॉन बेंटली यांनी हेवर्ड यांचा वीस वर्षांचा विक्रम मोडला तो याच शर्यतीत.

कॉर्बिट यांना ‘अमेरिकन अल्ट्राधावनाचे जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्दशः घेतल्यास तो टिकत नाही. १८७०–८० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सहा-सहा दिवसांच्या चालण्या-धावण्याच्या शर्यतींना मोठी गर्दी लोटत असे. हैतीत जन्मलेले कृष्णवर्णीय फ्रँक हार्ट यांनी १८८० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशी एक शर्यत ५६५ मैल अंतर कापून जिंकली होती. मात्र ती पैजांवर चालणारी व्यावसायिक करमणूक होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ओसरली. कॉर्बिट यांच्या पिढीचा हौशी, क्लबांच्या आधाराने वाढलेला खेळ तिच्यातून उगवला असे दाखवणे कठीण आहे. तेव्हा ‘जनक’पेक्षा ‘पुनःप्रवर्तक’ हा शब्द अधिक सयुक्तिक वाटतो.

त्यांचे अधिक टिकाऊ कार्य मार्गमोजणीचे. त्या काळी रस्त्यावरील शर्यतींची अंतरे बहुधा मोटारीच्या मीटरवरून ठरवली जात. बॉस्टनचाच मार्ग १९५१ ते १९५६ या काळात सुमारे एक किलोमीटरने आखूड होता. म्हणजे कॉर्बिट यांची पदार्पणातील वेळही पूर्ण मॅरेथॉनची नव्हे. ब्रिटिश रोड रनर्स क्लबचे जॉन जुवेल यांनी १९६१ मध्ये अंशशोधित (ठरावीक अंतरावर चाकाच्या फेऱ्यांचे प्रमाण तपासून घेतलेल्या) सायकलने मोजणी करण्याच्या पद्धतीवर निबंध लिहिला. त्याच्या आधारे कॉर्बिट यांनी विविध पद्धती ताडून पाहिल्या व १९६४ मध्ये मार्गमोजणीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. पद्धतीचे जनकत्व काही लेखक कॉर्बिट यांना देतात; कालक्रम पाहता ते जुवेल यांच्याकडे जाते. अमेरिकेत ती रुजवली, प्रमाणित मार्गांची व्यवस्था उभी केली, हे श्रेय मात्र निर्विवाद कॉर्बिट यांचे.

पद्धत वरवर सोपी आहे. पोलादी फितीने एक सरळ रस्ता काटेकोर मोजून घ्यायचा, त्यावर सायकल अनेकदा चालवून चाकाच्या किती फेऱ्या होतात ते नोंदवायचे आणि त्या प्रमाणात शर्यतीचा मार्ग मोजायचा. खाचाखोचा बारीक आहेत. हवेच्या दाबाने व तापमानाने टायरचा परीघ बदलतो. सकाळी थंडीत काढलेला आकडा दुपारच्या उन्हात लागू पडत नाही. म्हणून मोजणीआधी व नंतरही अंशशोधन करावे लागते. सायकल वळणावर आतल्या बाजूने, धावपटू घेईल त्या सर्वांत जवळच्या रेषेने न्यावी लागते. रस्त्याच्या मधून नेल्यास कागदावरचे अंतर फुगते आणि प्रत्यक्ष मार्ग आखूड राहतो. फेऱ्या मोजण्याचे काम १९७०–८० या दशकात जोन्स गणकाने सुकर केले. पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसवायचे हे दातेरी यंत्र चाकाच्या एका फेरीत वीसच्या आसपास आकडे देते, म्हणजे एक आकडा साधारण दहा सेंमी.चा. पुढे मार्ग आखूड पडू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरण्याचा नियम आला. मॅरेथॉनला त्याने सुमारे ४२ मीटरची भर पडते.

या काटेकोरपणाची किंमत मोठ्या धावपटूंनाही मोजावी लागली. न्यूयॉर्क मॅरेथॉनचा १९८१ चा मार्ग फेरमोजणीत सुमारे १४८ मीटर कमी भरला व अमेरिकन धावपटू आल्बर्टो सालाझार यांचा २ तास ८ मि. १३ से. हा जागतिक उच्चांक रद्द ठरला. हेच सालाझार पुढे अल्ट्राकडे वळले आणि १९९४ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स शर्यत जिंकली. आज पुण्या-मुंबईचे धावपटू मोठ्या संख्येने जातात ती हीच.

न्यूयॉर्कमधील रोड रनर्स संघटनेचे कॉर्बिट हे पहिले अध्यक्ष (१९५८). त्यांचा सराव आजच्या प्रशिक्षकांनाही अतिरेकी वाटावा असा होता: घरून कामावर धावत जाणे नित्याचे, आणि सुटीच्या दिवशी मॅनहॅटन बेटाला सुमारे ३१ मैलांची प्रदक्षिणा, कधी लागोपाठ दोन. त्यांच्या मॅरेथॉन व अल्ट्रा शर्यतींची एकूण संख्या १९९ दिली जाते.

दम्यामुळे १९७५ च्या सुमारास स्पर्धात्मक धावणे संपले. त्यानंतरची माहिती त्रोटक आहे. २००१ मध्ये, ८२ व्या वर्षी, न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या शर्यतीत ते ३०३ मैल (सु. ४८८ किमी.) चालले, शर्यतीचे आयोजन मूळचे बंगालचे आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांच्या अनुयायांचे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरपल्ला धावन सन्मानदालनात १९९८ मध्ये ज्या पहिल्या पाच जणांची निवड झाली, त्यांत ते होते. ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये डिसेंबरात होणाऱ्या १५ किमी. शर्यतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.