निळं दिसतं, पण उघडत नाही : ॲपमधल्या लिंकांविषयी थोडंसं

आमच्याकडून ॲप करून घेतलेले दुकानदार, क्लासवाले, सोसायटीचे सेक्रेटरी यांचा एक ठरलेला फोन असतो. "सूचनेत लिंक टाकलीय, निळीसुद्धा दिसतेय, पण दाबलं की ढिम्म!"

यात तुमचं काही चुकत नाही. अँड्रॉइडमध्ये अक्षरं निळी करून खाली रेघ ओढणं हे एक काम आणि बोट टेकल्यावर पान उघडणं हे दुसरं. पहिलं केलं म्हणून दुसरं होतंच असं नाही. त्यासाठी कोडमध्ये वेगळी एक ओळ लिहावी लागते, आणि ती विसरणारे प्रोग्रॅमर आम्हीही पाहिलेत. (एकदा आम्हीच विसरलो होतो.) असं दिसलं तर स्क्रीनशॉट पाठवा, दुरुस्ती आमच्याकडे.

मग फोनलाच मजकुरातले नंबर आणि वेबपत्ते शोधून त्यांच्या लिंका करायला का सांगू नये? तशी सोय आहे. सुरुवातीला आम्ही ती सगळ्यांना चालू करून देत होतो. एका पतसंस्थेच्या सूचनेत ठेवीचा खातेक्रमांक होता. फोनने तो मोबाइल नंबर समजून निळा केला आणि सभासद त्यावर फोन लावत बसले. पूर्णविरामानंतर जागा सोडायची राहिली तरी घोळ होतो. 'भारत' हे वेबपत्त्याचं अधिकृत शेपूट आहे, त्यामुळे "सुट्टी राहील.भारत" असं चिकटून लिहिलं तर 'राहील.भारत' ही वेबसाइट ठरू शकते! शिवाय हा शोध चालू असला की हाताने बसवलेल्या लिंका पुसल्या जातात. म्हणून आता तो बंद.

त्याऐवजी पॅनेलमध्ये (म्हणजे ॲपमधला मजकूर तुम्ही जिथे भरता, त्या पानावर) असं लिहा : दिसायचे शब्द चौकटी कंसात आणि लगेच, मध्ये जागा न सोडता, वेबपत्ता गोल कंसात.

दिवाळीची [फराळाची दरयादी](इथे वेबपत्ता) आली आहे.

ग्राहकाला फक्त 'फराळाची दरयादी' निळी दिसेल. 'इथे क्लिक करा' कृपया लिहू नका. ज्यांना दिसत नाही त्यांना टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर लिंका वाचून दाखवतं. पाच सूचनांमध्ये पाचदा 'इथे क्लिक करा' ऐकून माणसाने काय समजायचं?

मराठीची आपली एक गंमत आहे. प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून 'दरयादीत' असेल तर आख्खा शब्द कंसात घ्या. मध्येच तोडला तर निम्माच शब्द निळा होतो, कधी जोडाक्षरही फुटतं. आणि खालची रेघ 'सुरू', 'गुरुपुष्य' अशा शब्दांत उकारांवरून जाते, वाचायला त्रास होतो. त्यासाठी आम्ही ओळींमधलं अंतर मुद्दाम वाढवलंय. कमी करा म्हणून सांगाल तर आम्ही थोडा वाद घालू.

फोन आणि व्हॉट्सॲपसाठी पॅनेलमध्ये वेगळी बटणं आहेत. नुसता १० आकडी नंबर टाका. फोनच्या लिंकला अधिक चिन्हासह ९१ लागतं, व्हॉट्सॲपच्या लिंकला चिन्हाशिवाय; ते आम्ही लावतो. बटणात आकडे इंग्रजी ठेवा, दिसणाऱ्या मजकुरात खुशाल देवनागरी लिहा. दोन लिंका एकमेकींना खेटून नकोत. बोटासाठी साधारण ९ मिलिमीटर जागा धरतात, नाहीतर दुकानाला फोन लावायला जावं आणि नकाशा उघडावा.

ग्राहकांनी चॅटमध्ये पाठवलेल्या लिंका आम्ही दाबण्याजोग्या करत नाही. फसवणुकीचे मेसेज तिथूनच फिरतात.

जुन्या ग्राहकांसाठी एक सूचना. फायरबेस या गूगलच्या सेवेतून बनवलेल्या डायनॅमिक लिंका (ॲप उघडून देणाऱ्या छोट्या लिंका) गूगलने २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केल्या. तुमच्या पत्रकावर किंवा काउंटरवरच्या क्यूआर कोडमध्ये तशी लिंक असेल तर ती आता चालत नाही. कोडचा फोटो पाठवा, नवा करून देतो. छपाई मात्र तुमची.

पॅनेलमधली लिंक बदलली की ग्राहकाने ॲप पुन्हा उघडताच नवी दिसते. ॲपच्या आतच पक्क्या बसवलेल्या मजकुराचं तसं नाही. नवी आवृत्ती काढावी लागते, आणि ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्याकडे जुनाच नंबर वाजत राहतो. म्हणून तुमचा नंबर आम्ही पॅनेलमध्येच ठेवतो. दुकानाचं सिम बदललं तर आधी तिथे बदला, मग पाटी रंगवा.