मित्रांची मैफल आणि समुपदेशकाची खोली

इंदुरात पुरुषांना सोबतीची वानवा नाही. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसाची प्लेट हातात घेऊन चौघं उभे असतात. एक विचारतो, "काय रे, हल्ली दिसत नाहीस?" दुसरा म्हणतो, "काही नाही, काम फार आहे." विषय क्रिकेटवर जातो. म्हणून "मित्र आहेत की, समुपदेशक कशाला?" असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते.

मित्राला आपलं दुःख बघवत नाही. तो लगेच धीर देतो, उपाय सुचवतो, स्वतःवर बेतलेलं सांगू लागतो. हे प्रेमच आहे, पण त्यात आपलं बोलणं अर्ध्यावर राहतं. शिवाय इथला मराठी समाज एकमेकांना ओळखणारा. रामबागेत बोललेलं सुदामानगरात पोचेल, या धास्तीनेही पुरुष गप्प बसतात. समुपदेशक नात्यागोत्यातला नसतो. त्याचा पाऊण-एक तास फक्त तुमचा असतो. तो सल्ले कमी देतो, प्रश्न जास्त विचारतो, आणि मागच्या खेपेचा धागा पुढच्या खेपेला पकडतो. जिवाला धोका किंवा कायद्याची सक्ती असल्याखेरीज बोलणं बाहेर जाऊ नये, हा त्याच्या कामाचा नियमच. औषधं मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात.

साहेबाशी झालेली कुरबुर मैफलीत निवळते. पण दोन आठवडे उलटले तरी पहाटे तीनला जाग येतेय, कशातच मन लागत नाही, तर मैफल पुरत नाही. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून दिसतं: मुलांवर खेकसणं, दारू वाढणं, सतत डोकं किंवा पोट दुखणं. घरचे म्हणतात, "स्वभाव तापट झालाय", आणि आजार तसाच राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यांतले जवळजवळ ७२ टक्के पुरुष होते.

तरीही मित्राचं एक काम दुसरं कुणी लवकर करू शकत नाही. त्याने सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नये, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावावा. तो निःशुल्क आहे आणि चोवीस तास चालतो. इंदुरातच बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे. पहिल्या खेपेला सोबत जावं, बाहेर थांबावं, आणि आत काय बोलणं झालं ते खोदून विचारू नये.