तळ्याखाली गेलेलं देऊळ

परवा व्हॉट्सअॅपवर सोलापूर शहराचा एक नकाशा फिरत आला. कुणीतरी हौसेनं संगणकावर केलेला. भुईकोट किल्ला होता, रेल्वे स्टेशन होतं, पण सिद्धेश्वर तलावाच्या जागी नुसता सलग निळा डाग. मधलं देऊळच नाही! खाली मजकूर होता, 'देऊळ नकाशावरून मुद्दाम पुसलं आहे, सगळ्यांना पाठवा.' एकानं तर त्यात अपशकुन पाहिला. मी मूळ फाइल मागवून घेतली आणि क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. देऊळ तिथंच होतं. तळं त्याच्यानंतर रंगवलं गेलं होतं, एवढंच. पुढे ढकलण्याआधी कुणी फाइल मागितली असती, तर अपशकुन पाच मिनिटांत मिटला असता.

गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळी घालणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. आधी रंग पसरायचा, पांढरी रेघ शेवटी. उलटं केलं तर रेघ रंगाखाली जाते. संगणकाचा पडदाही असाच आहे. प्रत्येक ठिपक्याला एका वेळी एकच रंग, आणि शेवटी बसला तो दिसतो. या रीतीला 'पेंटर्स अल्गोरिदम' म्हणतात.

नकाशातले थर वरखाली करणं सोपं आहे. यादीत जो लेयर वर, तो सगळ्यात शेवटी रंगवला जातो. पण इथं तळं आणि देऊळ एकाच लेयरमध्ये होते. लेयरच्या आत काही सांगितलं नाही, तर सॉफ्टवेअर आकृत्या जशा हाती येतील तशा रंगवत जातं, बहुधा फाइलमधल्या नोंदींच्या क्रमानं. देवळाची नोंद आधी, तळ्याची नंतर. झालं!

कुणीतरी सुचवलं, तळं अर्धपारदर्शक करा. त्यानं देऊळ दिसेल, पण निळसर. शिवाय ५० टक्के झाकणाऱ्या दोन आकृत्या एकमेकींवर आल्या की खालचं ७५ टक्के झाकलं जातं, तिसरी आली की ८७.५ टक्के. मग गडद निळा दिसला की वाचणारा समजतो, इथं पाणी खोल असणार.

खरा उपाय लेयरच्या सिम्बॉलॉजीत, म्हणजे रंगरूप ठरवायच्या पानावर, अगदी तळाशी असतो, 'कंट्रोल फीचर रेंडरिंग ऑर्डर'. तिथं खूण करायची, क्षेत्रफळ हा निकष द्यायचा आणि उतरता क्रम निवडायचा. सगळ्यात मोठी आकृती आधी, सगळ्यात छोटी शेवटी. ही युक्ती मला फार आवडते, कारण ती शाळेतल्या भूमितीवर उभी आहे. एक आकृती दुसरीच्या पूर्ण पोटात असेल, तर तिचं क्षेत्रफळ दुसरीपेक्षा कमीच असणार. म्हणजे ती नंतरच रंगवली जाणार. देऊळ तळ्यात, तळं शहरात, शहर उत्तर सोलापूर तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, अशी कितीही पोटं असली तरी आतलं कधीच झाकलं जात नाही. एकही आकृती हातानं हलवावी लागत नाही.

मोबदला थोडा द्यावा लागतो. क्रम लावायचा तर सगळ्या आकृत्या आधी गोळा कराव्या लागतात, येईल तशी रंगवता येत नाही. आणि क्षेत्रफळ अक्षांश-रेखांशाच्या चौरस अंशांत मोजलं, तर ६० अंश अक्षांशावरचा चौरस अंश विषुववृत्तावरच्यापेक्षा निम्माच भरतो. एका जिल्ह्यात त्यानं क्रम फारसा बिघडत नाही. जगाच्या नकाशात मात्र दूरदूरच्या आकारांची तुलना फसते. तरी पोटातल्या आकृतीचा नियम तिथंही टिकतो, कारण आतलं आणि बाहेरचं एकाच जागी, एकाच मापानं मोजलं जातं.

नकाशात रस्ते म्हणजे नुसत्या रेघा. त्यांना क्षेत्रफळ नसतं, तिथं दुसरी अडचण येते. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग आणि विजयपूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा, दोन्ही सोलापुरात येतात. दोन्ही काळ्या काठाच्या पिवळ्या पट्ट्यांनी काढले, तर नंतरच्या रस्त्याचा काठ आधीच्या रस्त्याला आडवा कापतो आणि चौकात भिंत घातल्यासारखं दिसतं. 'सिम्बॉल लेव्हल्स' चालू केल्या की आधी सगळ्या रस्त्यांचे काठ काढले जातात, मग सगळ्यांचा पिवळा रंग. चौक मोकळा होतो.

पण कुठलाही क्रम पुरणार नाही असं चित्र सोलापूरच्या प्रत्येक घरात आहे. चादर! तिचे दोन उभे आणि दोन आडवे धागे घ्या. पहिला उभा पहिल्या आडव्यावरून जातो, तो आडवा दुसऱ्या उभ्यावरून, तो उभा दुसऱ्या आडव्यावरून, आणि तो आडवा पुन्हा पहिल्या उभ्यावरून. आता सगळ्यात खालचा धागा कोणता? कोणताच नाही. चौघांपैकी कुणालाही आधी रंगवा, चित्र चुकणारच. १९७२ मध्ये न्यूएल, न्यूएल आणि सांचा या तिघांनी अशा चक्रावर उपाय मांडला, आकृतीच कापायची. धाग्याचे दोन तुकडे केले की प्रत्येक तुकडा एकाच जागी वर किंवा खाली असतो आणि क्रम लागतो.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावर उड्डाणपूल काढणारेही तेच करतात. पुलाचा तुकडा मूळ रस्त्यापासून वेगळा कापतात आणि त्याला लेयर म्हणून १ हा अंक देतात. खालून जाणाऱ्या रस्त्याला अंक द्यावा लागत नाही, तो शून्य धरला जातो.