बेल्स पाल्सी : चेहऱ्याचा अचानक आलेला लकवा

बेल्स पाल्सी म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू काही तासांत, फार तर तीन दिवसांत ढिले पडणे. दुसरे कोणतेही कारण सापडत नाही तेव्हाच हे नाव देतात. बोलीत याला ‘तोंड वाकडे झाले’, ‘तोंडावरून वारे गेले’ असे म्हणतात. आयुर्वेदात या स्वरूपाच्या विकाराला ‘अर्दित’ म्हटले आहे. स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांचे काम मांडले, त्यांचे नाव या विकाराला मिळाले. दरवर्षी लाखात साधारण 15 ते 30 जणांना तो होतो. कोणत्याही वयात होतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात जास्त.

चेहरा बहुतेकांचा परत येतो. पहिल्या तासात पक्षाघाताचा झटका ओळखायचा राहिला, पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले नाही किंवा उघड्या राहिलेल्या डोळ्याकडे दुर्लक्ष झाले, तर मात्र झालेले नुकसान कायमचे ठरू शकते.

काय घडते : मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी, फेशियल नर्व्ह, चेहऱ्याचे स्नायू हलवते. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून ती बाहेर येते. सर्वांत चिंचोळ्या जागी या बोगद्याचा व्यास एक मिलिमीटरही नाही. नस सुजली की तिला पसरायला जागा उरत नाही; ती हाडात दाबली जाते आणि संदेश थांबतात. ही सूज शरीरात सुप्त असलेल्या नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूमुळे, मुख्यतः हर्पीस सिम्प्लेक्समुळे, येत असावी असे मानतात. लोकलच्या दारात उभे राहिल्याने किंवा एसीचा झोत अंगावर घेतल्याने हा विकार होतो ही मुंबईतली पक्की समजूत आहे, पण वाऱ्याने नस सुजते असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा रुग्णाला ‘दारात कशाला उभा राहिलास’ म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही.

लक्षणे : कानामागे एक-दोन दिवस दुखते. मग सकाळी चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळते किंवा आरशात हसू एकाच बाजूला दिसते. त्या बाजूची भुवई उचलत नाही, कपाळाला आठ्या पडत नाहीत, डोळा मिटत नाही, ओठांचा कोपरा खाली झुकतो. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे फुसकी निघतात. जिभेच्या पुढच्या भागाची त्या बाजूची चव जाऊ शकते, कारण चवीचे धागे याच नसेतून जातात. कानातला एक बारीक स्नायूही हीच नस चालवते. तो ढिला पडल्यामुळे कुकरची शिट्टी किंवा लोकलचा भोंगा त्या कानात टोचतो. गालाला बधिरपणा वाटतो असे अनेक जण सांगतात, पण स्पर्श दुसऱ्या नसेकडे असल्याने टाचणीचे टोक दोन्ही बाजूंना सारखेच कळते.

झटका की बेल्स पाल्सी : घरी करायची पहिली तपासणी कपाळाची. दोन्ही भुवया वर करायला सांगावे. चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून संदेश येतात, म्हणून मेंदूच्या झटक्यात ओठ वाकडे झाले तरी कपाळावर बहुधा आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत त्या बाजूचे कपाळ गुळगुळीत राहते. तरीही केवळ कपाळावर निर्धास्त होऊ नये. मेंदूच्या खोडातला झटका कपाळही ढिले करू शकतो. दोन्ही हात समोर धरायला सांगावे, एखादे साधे वाक्य म्हणून घ्यावे, चालवून पाहावे. हात खाली आला, शब्द सुचेनात, एकाचे दोन दिसू लागले, तोल गेला किंवा अचानक फार जोराचे डोके दुखले, तर तो झटका समजूनच पुढचे करावे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते, म्हणून लक्षणे किती वाजता दिसली ते लिहून ठेवावे. 108 ला फोन करावा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात जावे. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही महापालिकेची रुग्णालये आणि भायखळ्याचे सरकारी जे. जे. यांचे अपघात विभाग रात्रीही उघडे असतात. घरच्यांना शंका असेल तर ती रुग्णालयातच फेडून घ्यावी. फुकटचा हेलपाटा पडला तरी चालेल.

कानात किंवा कानाच्या पाळीवर बारीक फोड, असह्य ठणका, कमी ऐकू येणे आणि चक्कर असेल तर ती कानाची नागीण, म्हणजे रॅमसे हंट. तिला विषाणुरोधक औषध लागतेच आणि चेहरा परत येण्याचे प्रमाणही कमी असते. कान सतत वाहत असेल, कानाखाली गाठ असेल, लकवा आठवड्यागणिक हळूहळू वाढत असेल किंवा दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील, तर कारण वेगळे असते आणि शोध घ्यावा लागतो. आपल्याकडे कुष्ठरोगातही डोळा मिटेनासा होतो, म्हणून अंगावर बधिर चट्टे आहेत का हे डॉक्टरांनी पाहायला हवे.

औषध : प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हाच मुख्य उपाय, आणि तो लक्षणे दिसल्यापासून 72 तासांत सुरू व्हायला हवा. मोठ्यांसाठी दोन पद्धती रूढ आहेत : 25 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे 10 दिवस, किंवा 60 मिलिग्रॅम रोज 5 दिवस आणि नंतर रोज 10 ने कमी करत आणखी 5 दिवस. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत 94.4 टक्के होते, न घेणाऱ्यांत 81.6 टक्के. त्याच चाचणीत नुसत्या असायक्लोविर या विषाणुरोधक औषधाचा फायदा दिसला नाही. लकवा पूर्ण असेल तर काही डॉक्टर स्टेरॉइडच्या जोडीला विषाणुरोधक गोळी देतात, पण स्टेरॉइडऐवजी ती चालत नाही. बी-12ची इंजेक्शनेही सर्रास दिली जातात. त्यांच्या बाजूचा पुरावा तोकडा आहे, आणि त्यांच्या भरवशावर स्टेरॉइड टाळणे ही इथे वारंवार होणारी चूक आहे.

72 तासांचा हिशेब मुंबईत शनिवार-रविवारी चुकतो. शुक्रवारी रात्री तोंड वाकडे झाले आणि सोमवारच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत उभे राहिले, तर अडीच दिवस तिथेच जातात. म्हणून त्याच दिवशी फॅमिली डॉक्टर किंवा अपघात विभाग गाठावा. कान-नाक-घसा किंवा न्यूरॉलॉजीची ओपीडी नंतर करता येते. सुरुवातीला एमआरआयची सहसा गरज नसते. रक्तातली साखर आणि रक्तदाब मात्र तपासावा.

प्रेडनिसोलोनचा रोजचा एकच डोस असेल तर तो सकाळी नाश्त्यानंतर घ्यावा. रात्री गोळी घेतली तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर दुपारनंतर चढते, म्हणून फक्त उपाशीपोटीची तपासणी फसवी ठरते. जेवणानंतरचीही करावी आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. पूर्वी झालेला किंवा सध्याचा टीबी, पोटातला अल्सर आणि गरोदरपण हे आधी सांगावे. दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवर केमिस्टकडून ही गोळी आणू नये.

डोळा : सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायची. पापणी मिटली नाही की अश्रूंचा थर पसरत नाही, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) कोरडा पडतो, त्यावर ओरखडा येतो, जंतू शिरतात आणि पांढरा डाग कायमचा राहू शकतो. झोपेत बुबुळ वर सरकते म्हणून ते सुरक्षित आहे असे वाटते, पण पापणीची फट राहतेच. मुंबईची हवा दमट असल्याने डोळा कोरडा पडणार नाही, हाही गैरसमज. एसीचे ऑफिस, पंख्याखालची झोप आणि रस्त्यांच्या व बांधकामांच्या धुळीपुढे दमटपणाचा काही उपयोग होत नाही.

दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, उदाहरणार्थ 0.5 टक्के कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज, जागेपणी दर एक-दोन तासांनी एक थेंब घालावा. इतक्या वेळा घालायचे तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले थेंब मागावेत, कारण परिरक्षकानेच डोळा चुरचुरू लागतो. अधूनमधून बोटाच्या मागच्या बाजूने वरची पापणी हलकेच खाली आणून डोळा मिटावा. पाणी आले तर रुमालाने खाली ओढून पुसू नये, टिपावे. ढिली झालेली खालची पापणी ओढल्याने आणखी लोंबते.

रात्रीची पट्टी नीट लावणे शिकूनच घ्यावे लागते. हात धुवावेत. खालची पापणी किंचित ओढून आत डोळ्याच्या मलमाची साधारण अर्धा सेंटिमीटर रेघ सोडावी. आजूबाजूची त्वचा कोरडी पुसावी, कारण मलम पसरले की चिकटपट्टी मध्यरात्री सुटते. पापणी बोटाने पूर्ण मिटवून धरावी आणि अर्धा इंच रुंदीची, चार-पाच सेंटिमीटर लांबीची कागदी मायक्रोपोर पट्टी वरच्या पापणीवर आतून बाहेर, गालाच्या हाडाकडे तिरकी लावावी. मग घरातल्या कोणाला तरी टॉर्चच्या उजेडात फट दिसते का ते पाहायला सांगावे. फट राहिली तर पट्टीची कडाच बुबुळाला घासते. पट्टी न लावता नुसता कापसाचा किंवा गॉजचा बोळा ठेवून डोळा बांधणे धोक्याचे, कारण आत डोळा उघडतो आणि गॉज रात्रभर घासत राहते. सकाळी पट्टी पाण्याने भिजवून काढावी.

डोळ्यात मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, काजळ काही घालू नये. चेहऱ्याला वाफ किंवा गरम शेक घेताना न मिटणारा डोळा भाजतो, हेही लक्षात ठेवावे. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा अंधूक दिसणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

प्रवासात बाजूने बंद असलेला चष्मा लावावा. लोकलची खिडकी आणि दार टाळावे, बसमध्ये एसीच्या झोतापासून दूर बसावे. दुचाकीवर मागे बसतानाही काच खाली केलेले पूर्ण हेल्मेट हवे. डोळ्यावर पट्टी किंवा मलम असताना वाहन चालवू नये.

खाणेपिणे व बोलणे : गालाचा स्नायू घास दातांकडे ढकलत नाही, म्हणून अन्न गाल आणि हिरडी यांच्यामध्ये साठते. रोग्याला ते कळतही नाही. मग वास येतो, दात किडतो, गाल चावला जातो. चांगल्या बाजूने, लहान चमच्याने खावे. वरण-भात, मऊ खिचडी, इडली, ताकात कुस्करलेली भाकरी सोपी पडते. चुरमुरे, शेव, कोरडे पोहे सुटे होऊन गालात अडकतात. पेल्याची कड चांगल्या बाजूला लावावी. चहा कोमट घ्यावा, गळला तर भाजू नये म्हणून. जेवणानंतर बोट फिरवून गाल मोकळा करावा, ओठांचा कोपरा दोन बोटांनी दाबून चूळ भरावी आणि ब्रश करावा. फोनवर बोलताना वाकडा कोपरा बोटाने वर धरला की ओठांची अक्षरे स्पष्ट येतात.

चारचौघांत : ‘झटका आला का?’ हा प्रश्न चाळीत, सोसायटीत आणि ऑफिसात रोज येतो. ‘चेहऱ्याची नस सुजली आहे, मेंदूला काही नाही, काही आठवड्यांत उतरेल’ एवढे ठरलेले उत्तर तयार ठेवले की रुग्णाला दर वेळी नव्याने सगळे सांगावे लागत नाही. हसणे टाळून घरात कोंडून घेणारे बरेच असतात. त्यांची उदासी खरी असते आणि तिच्याकडेही डॉक्टरांनी लक्ष द्यायला हवे. घरच्यांनी दर तासाला ‘हसून दाखव बरं’ म्हणू नये. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एकाच उजेडात, शांत चेहरा, भुवया वर, डोळे मिटलेले, दात दाखवून आणि ओठांचा चंबू असे पाच फोटो काढावेत. रोजच्या आरशात न दिसणारा फरक त्यांत दिसतो, आणि डॉक्टरांनाही ते उपयोगी पडतात.

सुधारणा व व्यायाम : डेन्मार्कमधील पीटरसन यांनी उपचार न घेतलेल्या 1,701 रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. 85 टक्के रुग्णांत तीन आठवड्यांत हालचाल परतू लागली, उरलेल्यांत तीन ते पाच महिन्यांनी. 71 टक्के रुग्णांचा चेहरा पूर्ववत झाला. लकवा अर्धवट असेल तर आशा अधिक. नस पुन्हा वाढायची असेल तर वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्याला घाई करता येत नाही.

व्यायामाची घाई इथे उलट फळते. चेहरा पूर्ण ढिला असताना जोर लावला तर फक्त चांगली बाजू आणखी ताणते. त्या काळात हलक्या हाताने मालीश पुरे. हालचाल दिसू लागली की आरशासमोर, भुवई, डोळा, नाक, ओठ असे एकेक घेऊन प्रत्येकी पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा, सावकाश आणि दोन्ही बाजू सारख्या हलतील इतकेच करावे. च्युइंगम चघळणे, फुगे फुगवणे टाळावे. अनेक ठिकाणी विजेच्या यंत्राचे शेक सुचवले जातात. त्यांनी नस लवकर बरी होते असा भक्कम पुरावा नाही आणि चुकीच्या जोडण्या वाढण्याची भीती आहे. फिजिओथेरपिस्ट निवडताना आरशासमोर हालचाली वेगळ्या करायला शिकवणारा निवडावा.

चुकीच्या जोडण्या, म्हणजे सिंकायनेसिस, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी दिसतात. वाढणारे धागे भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात. हसताना डोळा मिटतो, पापणी मिटताना ओठ ओढला जातो, जेवताना त्या डोळ्यातून पाणी येते. यावर हालचालींचे पुनर्शिक्षण आणि अतिरिक्त ओढणाऱ्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने उपयोगी पडतात. त्यांचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग ती पुन्हा द्यावी लागतात. तीन महिन्यांनंतरही चेहरा पुरता परतला नसेल तर पुन्हा तपासणी आणि स्कॅन करून गाठीसारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहिले जाते. डोळा तरीही मिटत नसेल तर वरच्या पापणीत सोन्याचे बारीक वजन बसवणे किंवा पापण्यांच्या कडा बाहेरच्या कोपऱ्यात शिवणे असे शस्त्रक्रियेचे पर्याय आहेत.